बंद करू नये

सडक अर्जुनी
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. भूमिका,
सप्रेम जय भीम.

आज सकाळी आठ वाजता गावाहून सायकलने इथे आलो. दिवसभर बंटीचं दुकान साफ केलं. पाऊस नव्हता. दुरुस्तीला आलेले तेवीस मोबाइल होते, त्यातले चौदा ज्याचे त्याला परत दिले. नऊ जणांचा पत्ता लागला नाही, ते डब्यात घालून ठेवले. तुझ्या आईने वरण-भात आणि पातोडीची भाजी केली होती. ती दुकानाच्या खोलीत येत नाही. ताट दाराशी ठेवून गेली.

फोनवर मला बोलता येत नाही. तुमच्या वसतिगृहात रविवारी दहा मिनिटं मिळतात, ती तू आईशी बोलत जा. मी लिहीत जाईन.

एक गोष्ट विचारायची आहे. टीव्हीखाली बंटीचं खेळायचं काळं मशीन आहे. त्यावर नारिंगी दिवा लागलेला आहे, तो पंचवीस ऑगस्टपासून तसाच आहे. मशीनवर बंटीच्या अक्षरात कागद चिकटवला आहे : "बंद करू नये. बंद झालं तर पुन्हा उठणार नाही." लाइन गेली की खाली एक डबा टूंटूं वाजतो आणि पंधरा मिनिटं दिवा टिकवतो. आजवर लाइन त्याहून जास्त वेळ गेलेली नाही.

तुझ्या पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सतरंज्या अंथरताना श्यामलाल चहावाला बटणाकडे हात नेत होता. तुझ्या आजीने त्याच्या हातावर चापट मारली. "खबरदार, माह्या बंटीच्या दिव्याले हात लावशील तं." तिला वाटतं, बंटीने जाताना लावलेला हा दिवा आहे. रोज सकाळी मेणबत्तीआधी त्याला फूल वाहते. परवापासून मशीनला झेंडूचा हारही घातला आहे.

गोंदियाचा एक दुरुस्तीवाला सुट्या भागांसाठी ते मशीन मागतो आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. ते काय आहे, बंद करायचं का, तेवढं कळव. अभ्यास सांभाळ.

तुझे मोठे बाबा
केवळराम


नवेगाव बांध
१८ सप्टेंबर

ती. मोठे बाबा,
सविनय जय भीम.

देऊ नका! देऊ नका! आणि आधी तो हार काढा, त्याने मशीनच्या जाळ्या बंद होतात आणि ते तापतं. आजीला सांगा फूल समोर ठेव, वर नको. आणि तिला सांगा की तिनेच गेम वाचवली. तुमचं पत्र मी मेसच्या रांगेत वाचलं आणि इतक्या जोरात ओरडले की वॉर्डन मॅडम म्हणाल्या, साप निघाला का.

मी घरी होते तेव्हा त्या खोलीत गेलेच नाही. मला वाटलं लाइन गेली असेल, सगळं पुसलं गेलं असेल. मी कुणाला विचारलं पण नाही.

आता नीट सांगते. 'ग्रेवॉटर' नावाची भुताची गेम आहे. तिचे सात भाग आले. एका धरणाखालचं गाव बुडतं आणि बुडालेली माणसं पाण्यातून वर येतात. सातही भागांत हिरोकडे बंदूक असते. पप्पा कॉलेजात होते तेव्हा गोंदियाच्या सायबर कॅफेत बसून पहिला भाग खेळले होते. मधेच कंपनीने एक वेगळा भाग काढला, मोठ्या सात नंबरांत तो मोजत नाहीत. पप्पा त्याला 'चुलत गेम' म्हणायचे. त्यात हिरो नाही. धरणाचा राखणदार आहे, म्हणजे कीपर. गाव बुडायच्या आधीची रात्र आहे, पण धरणात पूर्वी बुडालेले त्यातही वर येतात. कीपरकडे बंदूक नाही, फक्त कंदील, किल्ल्या आणि शिट्टी. लोकांनी खूप नावं ठेवली, भूत आहे आणि बंदूक नाही तर खेळायचं काय म्हणून. पप्पांना तीच सगळ्यात आवडायची.

आम्ही ती 'एक जीव' प्रकारात खेळत होतो. म्हणजे कीपर एकदा मेला की सुरुवातीपासूनचं सगळं पुसलं जातं. आणि मधे कुठे जतन करता येत नाही, फक्त मशीन झोपवून ठेवता येतं. तो नारिंगी दिवा म्हणजे मशीन झोपलंय. दोन वर्षं झाली, प्रत्येक सुट्टीत थोडं थोडं. आता शेवटचं प्रकरण राहिलं आहे.

अजून एक. सुरुवातीला गेम दोन नावं विचारते. ती धरणाच्या रजिस्टरात लिहिली जातात आणि थेट शेवटी दिसतात. पप्पांनी हाताने पडदा झाकून नावं टाकली. मी खूप भांडले. म्हणाले, "शेवट आला की पाहाशील, घाई कायले?"

मोठे बाबा, मला ती नावं पाहायची आहेत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दिवा सांभाळा. १७ ऑक्टोबरला मी येते आणि पूर्ण करते.

तुमची
भूमिका


सडक अर्जुनी
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

चि. भूमिका,
सप्रेम जय भीम.

हार काढला. आजीला समजावलं. तिने ऐकलं, पण फूल समोर ठेवून म्हणाली, "गरम होते तं होऊ दे, दिवाच आहे तो." गोंदियावाल्याला नाही सांगितलं. मशीनची धूळ ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसली.

अडचण आली आहे. रस्ता रुंद होतो आहे म्हणून आपल्या बाजूचे विजेचे खांब सरकवणार आहेत. चौकात कागद लागला : मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पुरवठा बंद. तू येणार सतराला.

श्यामलालकडे जनरेटर आहे. काल लावून पाहिला. ट्यूबलाइट फडफडायला लागली आणि पंखा कधी जोरात, कधी हळू. श्यामलाल म्हणाला, "भाऊ, यावर फक्त चहाच उकळतो, मशीन नको लावा." मलाही हिंमत झाली नाही. तारीख बदलते का ते विचारायला कार्यालयात गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, पण तारीख बदलली नाही. त्यांचंही बरोबर आहे. एका मशीनसाठी कोण खांब थांबवणार.

तुझ्या शाळेत सुट्टी मागायची का? मी अर्ज लिहून आणू शकतो.

पातोडीचा डबा पाठवतो आहे, बंटीच्या ओळखीच्या बसवाल्याकडे देईन.

तुझे मोठे बाबा


नवेगाव बांध
२६ सप्टेंबर

ती. मोठे बाबा,

सुट्टी मिळणार नाही. सहामाही परीक्षा पंधरापर्यंत आहे. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "गेमसाठी? अर्जात काय लिहिशील बाई?"

मी दोन दिवस विचार केला. पातोड्या संपल्या तेव्हा ठरलं. तुम्ही खेळा.

हसू नका. आईला त्या गेमची भीती वाटते, आजीला बारीक दिसत नाही, श्यामलाल काका चहा सांडतील. उरले तुम्ही. मी मागच्या पानावर बटणांचं चित्र काढलं आहे. डाव्या अंगठ्याखालची काडी म्हणजे पाय, उजव्या अंगठ्याखालची म्हणजे मान. हे सगळ्यांचं आधी चुकतं, माणूस चालतो एकीकडे आणि पाहतो दुसरीकडे. खांद्याजवळच्या बटणाने कंदील खाली-वर होतो. चौकोनाने चाक फिरतं. मधलं गोल बटण दाबून धरलं की मशीन पुन्हा झोपतं, म्हणजे घाबरलात तर झोपवा आणि चहा प्या.

आधी सराव करा, पण काळ्या मशीनवर नाही. दुकानातल्या लोखंडी कपाटात जुनं राखाडी मशीन आहे, त्यात 'ग्रेवॉटर'चा दुसरा भाग आहे. त्यात कितीही वेळा मेलात तरी चालतं.

आता शेवटच्या प्रकरणाचं. धरणात एक उंच बुरूज आहे. आत गोल जिना खाली जातो. जिन्यावर चार ठिकाणी चार चाकं आहेत, एकाखाली एक. पाणी काठोकाठ आहे, सकाळ व्हायच्या आत उतरवलं नाही तर धरण फुटतं. सगळ्यात खालचं चाक फिरवायचं, त्याने पाणी झपकन उतरतं. पण ते अर्धं फिरून अडकतं आणि तेवढ्यात बुडालेले मागून येतात. 'एक जीव' सुरू करायच्या आधी साध्या प्रकारात आम्ही सराव केला तेव्हा तिथेच चौदा वेळा मेलो. पप्पा म्हणायचे, आपण हळू पडतो. म्हणून तुम्ही जोरात पळा. चित्र काढलं आहे.

भूमिका


सडक अर्जुनी
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. भूमिका,
सप्रेम जय भीम.

काल भेटीच्या दिवशी आलो होतो. आपण दोघं लिंबाखाली दीड तास बसलो, चिवडा खाल्ला आणि काही बोललो नाही. बसमध्ये बसल्यावर सगळं आठवलं. म्हणून लिहितो.

राखाडी मशीन सुरू केलं. पहिल्या दिवशी माणूस भिंतीकडे तोंड करून चालत राहिला. अर्धा तास तो भिंतीतून निघेना. दुसऱ्या दिवशी निघाला आणि पाण्यात पडला. आतापर्यंत सत्तेचाळीस वेळा मेलो. श्यामलाल रोज चहा घेऊन येतो आणि विचारतो, "काय करून राहिले जी केवळभाऊ?" मी म्हणतो, मुडदे मारून राहिलो. तो म्हणतो, "मुडदेच तुमाले मारून राहिले दिसते." गिऱ्हाईक आलं तर त्यालाही सांगतो, साहेब सध्या मरण पावले आहेत, पाच मिनिटं थांबा.

गोळी घालणं मला जमत नाही. हात वर होईपर्यंत ते अंगावर आलेले असतात. पण चालणं जमू लागलं. मानही आता पायांबरोबर वळते.

दसऱ्याच्या दिवशी, बुद्धविहारातून आल्यावर, काळं मशीन पहिल्यांदा उठवलं. कीपर दिसला तसा लगेच परत झोपवला. घाम आला होता.

आता दोन गोष्टी. पहिली. तू काढलेला बुरूज मी रोज पाहतो. हे मला नवीन नाही. आपल्याकडच्या जुन्या तलावांना पाणी सोडायला मातीच्या पाळीत तुडुम असायचं. दगडात एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. माझे वडील, तुझे आजोबा बकाराम, तलावाचे पाटकरी होते. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी, कधी, हे ते ठरवत आणि तुडुमही तेच उघडत. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून सोबत जायचो. बंटी तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि तो तीन वर्षांचा असताना ते गेले. तलाव भरलेला असताना खालच्या बुचाला ते कधी हात लावू देत नसत. वर सगळं पाणी बसलेलं असतं. बूच अर्धं निघतं आणि दाबाने तिरपं होऊन अडकतं. मग ते निघतही नाही आणि बसतही नाही. आधी सगळ्यात वरचं काढायचं. पाणी त्या भोकापर्यंत उतरू द्यायचं. मग दुसरं. मीही तेहतीस वर्षं कालव्यावर तेच काम केलं. माझ्या मते तुम्ही हळू पडला नाहीत. तुम्ही खालून सुरुवात केली.

दुसरी गोष्ट लिहायची नव्हती. पोळ्याच्या दिवशी मी इथे आलो होतो. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि बंटी हेच खेळत होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चाळिशीला आला, लाज नाही वाटत? पोरखेळ करून राहिला." तो हसला आणि म्हणाला, "दादा, बसा ना, पाहा तरी. तुमच्या कामाची गेम आहे." मी बसलो नाही. जेवलोही नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला.

म्हणून मी खेळतो आहे. तुला वाटत असेल की तुझ्यासाठी. ते अर्धं खरं आहे.

वरून सुरुवात करू का, ते कळव. तुमची गेम आहे.

मोठे बाबा


नवेगाव बांध
९ ऑक्टोबर

ती. मोठे बाबा,

आम्ही एकदा वरचं चाक फिरवलं होतं. काहीच झालं नाही, पाणी हललंसुद्धा नाही. पप्पा म्हणाले हे नुसतं दाखवायला ठेवलंय. आम्ही मिनिटभर थांबलो असू, मग खाली पळालो. तुम्ही लिहिलंय ते वाचून मी गणिताच्या वहीत बुरूज पुन्हा काढला. माहीत नाही. खरंच माहीत नाही.

मलाही एक सांगायचं आहे. ते आईलाही माहीत नाही. चोवीस ऑगस्टला रविवार होता, माझी फोनची दहा मिनिटं होती. पप्पा म्हणाले, "मी बुरुजात पोचलो, आता उडवूनच टाकतो." मी चिडले. म्हटलं, माझ्याशिवाय एक पाऊल पुढे गेलात तर बोलणार नाही. थांबवा म्हणजे थांबवा. ते म्हणाले, "बरं माय, थांबवलं." हेच शेवटचं बोलणं. बाकी काहीच बोलले नाही मी, परीक्षेचं नाही, जेवणाचं नाही. मी त्यांना पूर्ण करू दिलं असतं तर त्यांनी शेवट पाहिला असता.

तुम्हाला जसं वाटतं तसं करा. वरून तर वरून. आता कीपर तुमच्याकडे आहे. मेलात तरी मी रागावणार नाही.

पण मरू नका.

भूमिका


सडक अर्जुनी
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. भूमिका,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. काल रात्री इथेच मुक्काम केला. सकाळी साडेपाचला उठलो, आंघोळ केली, चहा घेतला. सहा वाजता मशीन उठवलं. आता साडेदहा झाले आहेत. लाइन नाही. दुकानाच्या पायरीवर बसून लिहितो आहे.

जिंकलो.

आता पहिल्यापासून सांगतो. तू शेवट पाहिला नाहीस म्हणून काही गाळणार नाही.

दसऱ्याला मी नुसतं उठवून झोपवलं होतं, कुठे उभा आहे ते नीट पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. बंटीने कीपरला जिन्याच्या तोंडाशी एका कोनाड्यात उभं केलं होतं. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, कंदील खाली, जमीन कोरडी. तिथे मागून कोणी येऊ शकत नाही. चिडून किंवा घाईत थांबलेला माणूस असा उभा करत नाही. त्याने जागा शोधली आणि मग थांबवलं. तू येशील आणि बसल्या बसल्या घाबरणार नाहीस, एवढा विचार केलेला दिसतो. तू थांब म्हणालीस ते त्याला आवडलं असणार. मी त्याचा भाऊ आहे, मला कळतं.

वरच्या चाकाशी गेलो. चौकोन दाबून धरला. चाक करकरत पूर्ण फिरलं. भिंतीवर पाण्याची पट्टी आहे, तिच्यावरचा आकडा हलला नाही. मी कोनाड्यात परत आलो, कंदील खाली केला आणि दोन्ही अंगठे काड्यांवरून काढून मांडीवर ठेवले. भिंतीवरचं घड्याळ पाहत बसलो.

चौथ्या मिनिटाला खालून ओल्या पावलांचा आवाज आला. भूमिका, मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू. एक आला, मग तीन. अंगावरून पाणी गळत होतं. बोटं पळण्यासाठी वळवळत होती. पण कालव्यावर पाणी सोडल्यावर शेवटच्या शेतापर्यंत पोचायला अडीच तास लागतात. त्या अडीच तासांत माणसाला करण्यासारखं काही नसतं. नवीन पोरं गेट आणखी उघडतात आणि पाट फोडतात. मी तेहतीस वर्षं काही न करण्याचा पगार घेतला आहे.

पहिला माझ्या इतक्या जवळ आला की त्याचं तोंड पडदाभर झालं. तेवढ्यात मागून आवाज आला, "हलू नका, भाऊजी. अजिबात हलू नका."

तुझी आई दारात उभी होती. पन्नास दिवसांत पहिल्यांदा. पदर डोळ्यांवर धरलेला, पण एक डोळा उघडा. मी हललो नाही. तो बुडालेला वास घेतल्यासारखं करून पुढे निघून गेला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. हलत्या उजेडाकडे आणि आवाजाकडेच ते येतात, उभ्या माणसाकडे नाही.

अकराव्या मिनिटाला पट्टीवरचा आकडा एकने उतरला. तुम्ही मिनिटभर थांबला होतात. अजून दहा थांबला असता तर झालं असतं.

दुसरं चाक लोण्यासारखं फिरलं. तिथे कोनाडा नव्हता. तुझी आई खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली, "डावीकडे, डावीकडे खांब आहे, हे नेहमी त्याच्याआड बसत." तिला सगळं माहीत आहे. म्हणाली, "दोन वर्षं भिंतीपलीकडून हेच ऐकून राहिली ना मी." मी जिथे चुकलो तिथे तिने कपाळाला हात लावला. एकदा माझ्याकडून शिट्टीचं बटण दाबलं गेलं. बुरूजभर आवाज घुमला आणि वरचे सगळे खाली धावले. तेव्हा मात्र पळालो. पाय एकीकडे, मान दुसरीकडे, जिन्याला दोनदा धडकलो. आई ओरडली, "कंदील! कंदील खाली!" खांबाआड शिरलो आणि कंदील खाली केला. दोघंही श्वास रोखून बसलो. गेममधल्या माणसाला आपला श्वास ऐकू येत नाही, हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात श्यामलाल चहा घेऊन आला आणि मोठ्याने म्हणाला, "जय भीम केवळभाऊ!" तुझ्या आईने त्याला असं पाहिलं की तो कप घेऊन दारातच उभा राहिला. पावणेनऊपर्यंत उभा होता. चहा थंड झाला.

तिसरं चाक सव्वाआठला. मग तुमचं ते चौथं. चौदा वेळा अडकलेलं. मी त्यासमोर उभा राहिलो आणि पाणी पट्टीवरच्या तिसऱ्या खुणेच्या खाली जाईपर्यंत बूच काढलं नाही, म्हणजे चाकाला हात लावला नाही. घड्याळात आठ चौतीस झाले. आई म्हणाली, "भाऊजी, नऊला लाइन जाते." मी म्हटलं, माहीत आहे. आठ एकेचाळीसला चौकोन दाबला. चाक न अडकता पूर्ण फिरलं.

मग पाण्याचा मोठा आवाज झाला आणि सकाळ झाली. पाणी सगळं नदीच्या पात्रातून निघून गेलं. बुडालेली माणसं जिन्यावर जिथे होती तिथेच बसली, दमून बसतात तशी, आणि उजेड पडल्यावर दिसेनाशी झाली. खालचं गाव कोरडं होतं. घरांतून धूर निघत होता. कीपरने आपणहून शिट्टी वाजवली. श्यामलालने कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तुझी आई रडली नाही, हसली. मोठ्याने हसली. मी बंटीच्या खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, ते मला बसताना कळलं. दोन्ही हात वर होते.

मग रजिस्टर उघडलं. मी चष्मा पुसून वाचलं. इंग्रजी अक्षरं आहेत, मी आपल्या भाषेत लिहितो :

पाळी सोडली : बकाराम.
पाळी घेतली : भूमिका.

खाली वेळ आहे, एकसष्ट तास बारा मिनिटं.

बंटीला वडील आठवत नव्हते. त्याला जे माहीत होतं ते मी सांगितलेलं, तो लहान असताना, तलावाच्या पाळीवरून जाताना. मला वाटायचं तो ऐकत नाही, दगड मारत पुढे पळायचा. "तुमच्या कामाची गेम आहे" म्हणाला होता, ते या नावामुळे. मी बसलो असतो तर कदाचित दाखवलंही असतं. नसतंही. तुलाही दाखवलं नाही, तर मला कशाला. पण बोलावलं मला होतं, हे आता मला पुरेसं आहे.

तुझ्या आईने पडद्याचा फोटो काढला आहे. सतराला आलीस की तिच्या मोबाइलमध्ये पाहा.

मशीन झोपवलं, नारिंगी दिवा लागला, आणि आठ पन्नासला आजीला दुकानात आणलं. सांगितलं, बंटीचं काम पूर्ण झालं. तिने विचारलं, "पूरं झालं? काही राहिलं तं नाही ना?" मी म्हटलं, काही नाही. "मग इझव," ती म्हणाली. "काम झाल्यावर दिवा जळत कायले ठेवतात?" फूल मात्र तिने काढलं नाही.

मी मशीनवरचं बटण दाबून धरलं. नारिंगी दिवा गेला. नऊला चार मिनिटं होती. बंटीचा कागद तसाच आहे, तू आल्यावर काय करायचं ते ठरव.

तुझ्या आईने दुकानाची खोली स्वतः झाडली. उद्यापासून उरलेल्या नऊ मोबाइलवाल्यांना ती फोन लावणार आहे. परीक्षेला शुभेच्छा. गणित सोडून बुरूज काढू नकोस.

तुझे मोठे बाबा
केवळराम

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, म्हणून संध्याकाळचं लिहितो. चार वाजता सायकलने गावाला आलो. धान पिवळं पडायला लागलं आहे, बांधीतलं पाणी आता काढायला हवं होतं. एकटाच गेलो. फावड्याने बांधीच्या धुऱ्याचं तोंड थोडंसं उघडलं, वरच्या बाजूने, आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच बसून राहिलो.